हरणांच्या पाण्याचा पहारा

“आहे का या मंडपात असा एक तरी माणूस?” दामोदर महाराजांनी हात वर करून विचारलं, आणि मृदंग एकदम थांबला.

पोलीसपाटलांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन होतं ते. फाल्गुन सरत आलेला, सकाळचे अकरा वाजलेले, आणि मंडपाच्या कापडातून ऊन गाळून अंगावर पडत होतं. येताना महाराजांची गाडी आमच्या बोरमाळच्या माळावरून आली होती आणि रस्त्याकडेला त्यांना एक हरणी दिसली होती. फुटक्या पाइपाखाली कधीकाळी झालेला चिखल ती चाटत होती.

“ओला नव्हे हो माउली, वाळलेला चिखल! जीभ लावायची, मान वर करायची, पुन्हा जीभ लावायची. आणि आपण इथं थंडगार पाण्याचे जार मांडून बसलोय. आहे का कुणी, जो म्हणेल, महाराज, माझ्या रानात त्या मुक्या जिवाला मी पाणी ठेवतो?”

मी उभा राहिलो.

कसा राहिलो ते विचारू नका. कीर्तनात मी माझा नसतो. गावात माझी पिठाची गिरणी. दिवसभर पट्ट्याची घरघर ऐकून बधिरलेल्या कानांत एकदा टाळ पडला की माझं काही खरं नाही. चाळीस-पन्नास मैलांवर कुठं कीर्तन असलं तरी मी दळणाचे डबे तसेच ठेवून, गिरणीला कुलूप घालून निघायचो, आणि मग बायाबापड्या दारात येऊन माझा उद्धार करायच्या. आमची सुंदरा म्हणायची, “ह्यांना एखादा महाराज म्हणाला ना, विहिरीत उडी घ्या, तर हे एवढंच विचारतील, धोतर सोडून घेऊ का धोतरासकट?”

“मी ठेवतो, महाराज,” मी म्हणालो. “ओढ्याच्या अलीकडं माझा चार एकर माळ आहे, नुसता दगड. तिथं हरणांसाठी पाणवठा बांधतो.”

इथं मी खाली बसायला हवं होतं. पण टाळकऱ्यांनी गजर धरला, मृदंगावर अशी थाप पडली की छातीत घुमली, महाराजांचे डोळे भरून आले, आणि माझ्या तोंडातून पुढचं वाक्य आपसूक बाहेर पडलं. “आणि जोवर माझ्या माळावर हरीण पाणी पीत नाही, तोवर मी कीर्तनाच्या मंडपात पाऊल ठेवणार नाही!”

महाराजसुद्धा गडबडले. “अहो आण्णा, एवढं कशाला? पाणी ठेवा की सुखानं...”

पण दुसरा माइक त्रिंबक गुरुजींच्या हातात होता. गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक आणि सप्ताह कमिटीचे तहहयात अध्यक्ष. गावात कुणाचं बारसं असो की बारावं, गुरुजींनी माइकवर सांगितल्याशिवाय ते झालं असं धरत नसत.

“निवृत्तीआण्णा ढोबळे यांनी भीष्मप्रतिज्ञा केलेली आहे!” गुरुजी गरजले. “गावाच्या इतिहासात असं झालेलं नाही. बोला पुंडलिक वरदे...”

गजर झाला. मी गहिवरून खाली बसायला लागलो, तर गुरुजींनी माइकवरच सांगितलं, “आण्णा, आता बसायचं नाही. प्रतिज्ञा लागू झाली. आपण बाहेर.”

महाराजांची चाल रंगात येत होती. मी चारशे माणसांच्या मधून, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या धोतरावर पाय देत बाहेर पडलो आणि उरलेलं कीर्तन ट्रॅक्टरच्या सावलीत उभं राहून ऐकलं.

घरी सुंदरानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. “पाणी ठेवतो म्हणालात ते चांगलं केलंत. पुढचं कशाला बोललात?”

“मृदंग वाजत होता गं.”

“मृदंग दरवेळी वाजणारच की,” ती म्हणाली. “हनुमान जयंतीच्या सप्त्याला काल्याचं कीर्तन कुणाचं आहे, माहीत आहे ना?”

माहीत होतं. दामोदर महाराजांचंच. तीन वर्षं मागं लागून आम्ही ती तारीख मिळवली होती. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्त्याचा शेवटचा दिवस, शेवटचा घास. वर्षभर पीठ खाल्लेल्या माझ्या कानांचा तो सण. हातात तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जंगल खात्याच्या मुलाणी गार्डला माळावर घेऊन गेलो. मुलाणी कमी बोलणारा, पण हरणांची खोड न् खोड जाणणारा माणूस. त्यानं पायानं जमिनीवर एक गोल आखला.

“आण्णा, बशीसारखा करा. कडेला बोटभर पाणी, मध्ये गुडघाभर. उभ्या भिंती नकोत, पाडस आत घसरलं तर त्याला चढून येता आलं पाहिजे. सिमेंट खरबरीत ठेवा. टँकरनं भरा आणि घरी जा.”

“आणि मग?”

“मग काही नाही. घरी जा.”

त्रिंबक गुरुजी कमिटीच्या वतीनं पाहणीला आले होते. त्यांनी चष्मा पुसला. “घरी जा म्हणजे? तिथं कुणीच नाही थांबायचं?”

“कुणीच नाही.”

“मग हरणांना कळणार कसं, पाणी आपण ठेवलंय ते?”

“त्यांना कशाला कळायला पाहिजे, गुरुजी?”

गुरुजींनी मुलाणीकडं, नापास मुलाच्या बापाकडं बघावं तसं बघितलं. परत येताना मला म्हणाले, “चांगला आहे हो माणूस. पण देवापुढं दिवा लावून कुणी घरी जातं का? वात कोण सरकवणार?”

मला ते पटलं. हे मी मुद्दाम सांगतो. सगळं गुरुजींच्या माथी मारणं आज सोपं आहे, पण तेव्हा मी त्यांच्याहून एक पाऊल पुढं होतो.

पाणवठा आठ दिवसांत झाला. बशी मुलाणीनं सांगितली तशीच, पण बशीभोवती कमिटीनं भर घातली. चार कोपऱ्यांना चार भगवे झेंडे लागले. कडेनं निळी फरशी आणि प्रत्येक फरशीवर एकेका सभासदाचं नाव. पाडव्याला लोकार्पण ठरलं. गावच्या फाट्यावर फलक लागला, त्यावर बावीस माणसांचे फोटो आणि खालच्या कोपऱ्यात, जागा उरली तिथं, एक हरीण. तेही अंगभर पांढरे ठिपके असलेलं. आमच्या माळावर सगळी काळविटं. ठिपक्याचं हरीण बोरमाळमध्ये कुणाच्या आजोबानंही पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, “गुरुजी, हे आपलं नाही.”

गुरुजी म्हणाले, “फोटोत हेच शोभतं.”

पाडव्याला टँकर रिकामा झाला, नितळ पाणी ऊन पिऊन चमकायला लागलं, आणि मला खरंच भरून आलं. मग पूजा झाली. बायकांनी पाण्यात हळदकुंकू वाहिलं, पुरुषांनी गुलाल उधळला, अकरा नारळ कडेच्या फरशीवर फुटले आणि त्यांचंही पाणी आतच गेलं. कुणीतरी कापूर लावून सोडला. संध्याकाळी पाणवठ्याचा रंग जावयाच्या फेट्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी ते सगळं उपसून पुन्हा टँकर ओतावा लागला.

त्याच दिवशी गुरुजींना ती कल्पना सुचली.

आमच्याकडं सप्त्यात वीणा खाली टेकत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. सात दिवस, रात्रंदिवस, कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला लागत नाही. अखंड म्हणजे अखंड.

“तसंच करायचं,” गुरुजी म्हणाले. “वीणा जशी खाली टेकत नाही, तसं हरणांचं पाणी क्षणभरही एकटं राहणार नाही. दोघादोघांचा पहारा, दोन-दोन तास. कुत्री हाकलायची, शेळ्या हाकलायच्या, नामस्मरण चालू ठेवायचं. हरीण आलं की त्याला रामकृष्णहरीचा घोष कानी पडलाच पाहिजे.”

मी ताडकन उठून गुरुजींच्या पाया पडलो. अखंड पहारा, टाळांचा नाद, आणि त्यात पाणी पिणारी हरणं! असलं चित्र वैकुंठात तरी असेल का? पहिला पहारा मी मागून घेतला.

यादी झाली. वही झाली. त्या वहीत काय काय लिहिलं गेलं ते आजही मला पाठ आहे. ‘दुपारी दोन ते चार. सहा हरणे लांब दिसली. हाका मारल्या. आली नाहीत.’ ‘चार ते सहा. हरणे आली नाहीत. गूळ-शेंगदाणे दाखवले.’ ‘सकाळी सहा ते आठ. एक नर जवळ येऊ पाहत होता. जोरात गजर केला. पळाला.’ कुणीतरी डोकं लढवून बासरी आणली, कारण हरणांना बासरी आवडते हे सगळ्यांनी भिंतीवरच्या चित्रांत पाहिलं होतं. वाजवणारा बँडपथकातला होता आणि त्याला फक्त लग्नातली गाणी येत होती. त्या दिवशीची नोंद: ‘हरणे दिसली नाहीत. ओढ्यापलीकडेही नाहीत.’

दिवस चालले. सप्ताह बसला. रोज कीर्तन, आणि मी मंडपाच्या दोरीबाहेर. एकदा चाल ऐकता ऐकता नकळत एक पाय दोरीच्या आत गेला, तर गुरुजींनी टाळकऱ्यांच्या रांगेतून बोट केलं, “आण्णा, पाय!” सगळा मंडप वळून माझ्या पायाकडं बघायला लागला. महाराज मंडळी बदलत होती, चाली बदलत होत्या, आणि मी बाहेर बैलपोळ्यातल्या म्हाताऱ्या बैलासारखा मान हलवत उभा. लांबून ऐकू यायचं ते तुटक. महाराज दृष्टांत सुरू करायचे, ‘एक सावकार होता...’ आणि वारा फिरायचा. त्या सावकाराचं पुढं काय झालं ते मला तेव्हा कळलंच नाही.

सप्त्याच्या पाचव्या दिवशी मुलाणी गिरणीवर आला. दळण नव्हतं त्याच्याकडं. खाली बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आण्णा, खालच्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरीत हरणी पडली. पाण्याच्या वासानं गेली असणार. दोर टाकून काढली, पण मान मोडली होती.”

मी गिरणी बंद केली. घरघर थांबल्यावर ते वाक्य जास्तच मोठं वाटलं.

“पोटात पाडस होतं,” तो म्हणाला.

“अरे, पण आपलं पाणी होतं की तिथं! नितळ, बशीभर...”

“होतं ना. पण तुम्ही हरणांना पाणी ठेवलंय का पाण्याला राखण ठेवलीय?” त्याचा आवाज चढला नाही. “दोन माणसं, टाळ, झेंडे. रोज संध्याकाळी मी ओढ्याच्या काठावरून बघतो. बारा-तेरा हरणं उभी असतात. बघतात. तुम्ही ‘या या’ म्हणून ओरडता आणि ती जातात. आण्णा, पाहुणा जेवताना सगळं गाव त्याच्या ताटाभोवती हलगी वाजवायला लागलं, तर तुम्ही तरी घास गिळाल का?”

मी तसाच उठलो आणि गुरुजींकडं गेलो. गुरुजी पंगतीच्या याद्या करत होते.

“गुरुजी, पहारा बंद करू. हरणं माणसांना भितात.”

“भितात? आपल्याला?” त्यांना मनापासून वाईट वाटलं. “आपण काय त्यांना मारतोय?”

“एक हरणी विहिरीत पडून गेली, गुरुजी. गाभण होती.”

 गुरुजींनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. मला वाटलं, समजलं यांना. डोळे उघडून ते म्हणाले, “म्हणजे आपलं पुण्य कमी पडतंय. आण्णा, अखंड मधेच मोडायचं नसतं. वीणा चौथ्या दिवशी खाली टेकवली तर काय उरतं? उलट मी ठरवलंय. पहिलं हरीण पाणी प्यायलं, की त्याच दिवशी गावातून दिंडी काढायची, हलगी, ताशा, सगळं. महाराजांच्या हस्ते हरणांचं पूजन. आणि तिथून पुढं पहारा दोघांऐवजी चौघांचा.”

मी परत आलो. अखंड मोडा म्हणून ठासून सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मीच तर त्यासाठी पाया पडलो होतो.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळी दहा ते बारा दामोदर महाराजांचं कीर्तन, मग दहीहंडी, मग महाप्रसाद. प्रश्न एकच पडला: दहा ते बाराचा पहारा कोण करणार? यादीत ज्यांची नावं होती त्यांतला एक म्हणाला माझी कंबर धरलीय, आणि कंबर धरलेला माणूस मंडपात पुढच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसला. दुसरा सापडलाच नाही.

गुरुजी माझ्याकडं आले. “आण्णा, तुम्हाला तसंही आत यायचं नाही. तुम्ही एकटे पुरे. टाळ घ्या. खंड पडू देऊ नका.”

सुंदरा मंडपाच्या तोंडाशी उभी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, “मी नीट ऐकून ठेवते. रात्री सगळं सांगीन.”

“तू सांगशील, पण चालीत कुठं सांगशील?”

“नाही, तेवढं नाही जमायचं,” ती म्हणाली आणि पदर सारखा करून आत गेली.

मी मोटारसायकलवर माळावर गेलो. पाणवठ्याजवळ एक वाकडं लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी बसलो आणि टाळ वाजवत नाम घ्यायला लागलो. ऊन भाजून काढत होतं. झेंडे फडफडत होते. चार फर्लांगांत माणूस नव्हतं, सगळं गाव मंडपात. आणि मग वारा गावाकडून वाहायला लागला.

वाऱ्यावर मंडपाच्या कर्ण्यातून महाराजांचा आवाज आला. खडीसाखरेसारखा स्वच्छ. पण ऐन शब्दावर माझाच टाळ आड येत होता. ‘कृष्णानं गोपाळांना हाक...’ खण्. ‘शिदोऱ्या सोडल्या आणि...’ खण्. मी टाळ हळू केला. मग आणखी हळू. मग मला माझंच हसू आलं, आजूबाजूला बघितलं, आणि टाळ गवतावर ठेवून दिला. अखंड मोडलं. गुरुजींनी नाही, मुलाणीनं नाही, मीच मोडलं, आणि तेही कीर्तन नीट ऐकू यावं म्हणून.

बसून राहिलं तरी झेंड्यांची फडफड कानात येई, म्हणून मी पोटावर आडवा झालो, कान गावाकडं करून. श्वाससुद्धा हळू घ्यायला लागलो, कारण वारा फार बारीक होता आणि जोरात श्वास घेतला की एखादा शब्द सांडे. महाराजांनी काल्याचा प्रसंग लावला होता. गोपाळ गोल बसलेत, ज्याची त्याची शिदोरी सगळ्यांच्यात मिसळलीय, आणि मधोमध तो. मला सगळं दिसत होतं. माझे डोळे मिटलेले होते.

कधीतरी अगदी जवळ, चप्, चप्, असा आवाज आला.

मी डोळे उघडले. मान हलवली नाही. पाणवठ्याच्या कडेला, सभासदांच्या नावांच्या फरशीवर पुढचे दोन पाय ठेवून, एक हरणी पाणी पीत होती. तिच्यामागं दुसरी. तिच्या पोटाशी एक पाडस, त्याला कड उतरायची भीती वाटत होती, एक पाय पुढं टाकायचं आणि मागं घ्यायचं. मग आणखी तीन आल्या. अकरापर्यंत मोजली मी. सगळ्यांत शेवटी काळा नर आला, पिळाची शिंगं, डोळ्यांभोवती पांढरं. तो प्यायला नाही. उभा राहून चहूकडं बघत होता. दोन आठवडे आम्ही केला तोच पहारा तो करत होता, फक्त टाळ न वाजवता. मुलाणीनं नंतर सांगितलं, वारा गावाकडून होता म्हणून माझा वास ओढ्यात उतरत होता, आणि हरणं दुसऱ्या अंगानं आली.

शपथ फिटली.

हे डोक्यात आलं आणि मी मान न हलवता मनगटावर नजर टाकली. शपथ फिटली! घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मोटारसायकल पलीकडं उभी. सात-आठ मिनिटांत मंडप. दोरी ओलांडून आत, अगदी पुढं, महाराजांच्या पायाशी. दहीहंडी व्हायची होती, गजर व्हायचा होता, खरं कीर्तन तर आता होतं. फक्त उठायचं होतं.

पाडसानं शेवटी धीर केला. कडेवरून घसरलं, चारही पायांवर आलं, आणि पाण्यात नाक घातलं. नाकात पाणी गेलं, शिंकलं, पुन्हा घातलं. आईनं मान वर करून माझ्या दिशेनं बघितलं. मी दगड झालो.

तिकडं गावात मृदंग चढत गेला. मी ऐकत होतो, एकेक थाप मोजत होतो, आणि पालथा पडलो होतो. मांडीला मुंग्या लागल्या, खऱ्या मुंग्या, लाल. पायात पेटका आला. एक हरणी पिऊन बाजूला होई, दुसरी येई, पहिली पुन्हा येई. किती दिवसांची तहान होती कुणास ठाऊक. महाराजांचा आवाज एका जागी इतका वर गेला की मला रडू आलं, आणि ते रडूही मी आवाज न करता काढलं. पावणेबारा. बारा. तिकडं हंडी फुटली, हलगी कडाडली, आणि तेव्हा कुठं हरणांनी माना वर केल्या आणि सावकाश, न पळता, टेकाडामागं गेली.

मी उठलो. पेटक्यानं दोनदा पडलो.

गावात पोचलो तेव्हा पंगती बसत होत्या. महाराज व्यासपीठावर, गळ्यात हारांचा ढीग. गुरुजींनी मला लांबून पाहिलं आणि माइक उचलला. “आण्णा आले! आण्णा, बोला! आलं का हरीण?”

द्रोण, पत्रावळ्या, वाढप्यांच्या बादल्या, सगळं जागच्या जागी थांबलं. हलगीवाल्यानं हलगी शेकून तयार ठेवली होती. ट्रॅक्टरला केळीचे खुंट बांधलेले दिसत होते. गुरुजींच्या काखेत एक झेंडूचा हार होता, अगदी लहान मापाचा, आणि तो कुणाच्या गळ्यासाठी केलाय ते मला कळायला वेळ लागला नाही.

मी दोरीबाहेर उभा होतो. आत महाराजांनी माझ्यासाठी सरकून शेजारी जागा केली होती. एक पाऊल फक्त.

गळ्यात माळ घातल्यापासून मी खोटं बोललो नव्हतो. पिठाच्या मापातसुद्धा नाही.

“नाही आलं, गुरुजी,” मी म्हणालो.

“एकसुद्धा?”

“एकसुद्धा नाही. आणि येईल असं वाटत नाही. टँकर भरतो ते माझ्या बोअरचं पाणी मचूळ आहे, त्यांना चालत नसावं.”

गुरुजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. “चौदा दिवस माणसं उन्हात वाळवली! बंद करा तो पहारा. झेंडे काढून आणा. हरणांच्याच नशिबात पुण्य नाही, त्याला आपण काय करणार?”

हलगीवाल्यानं हलगी फडक्यात गुंडाळली. महाराज माझ्याकडं बघत राहिले आणि मी वाढायला बादली घेतली.

संध्याकाळी सुंदराला खरं सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “देवाला माहीत आहे ना? मग झालं. गुरुजी काय देव आहेत?”

“पण मंडपात बसता नाही येणार गं. आता कधीच.”

“मग कधी सांगणार?”

“हरणांना विचारून सांगतो.”

तिनं उलथनं उगारलं, पण हसली.

पुढच्या वर्षी कमिटीनं गावच्या फाट्यावर सिमेंटचं हरीण बसवलं. अंगावर ठिपके आणि तोंडातून नळाचं पाणी. लोक तिथं गाड्या थांबवून फोटो काढतात, गुरुजी स्वतः ठिपके रंगवून घेतात, आणि माळाकडं कुणी फिरकत नाही. मी आठवड्याला टँकर ओततो आणि घरी जातो. मागं वळून बघत नाही. कीर्तनाचं म्हणाल तर माझ्या प्रतिज्ञेची कीर्ती गुरुजींनी अशी पसरवली आहे की पन्नास मैलांवर गेलो तरी कुणीतरी दोरीपाशी अडवून आदरानं विचारतं, “तुम्हीच ना ते?” म्हणून मी आता सप्त्यात भट्टीवर असतो. मंडपाच्या मागं, कापडाच्या पलीकडं, मोठ्या कढईत आमटी ढवळत. तिथं निदान सावकाराचं पुढं काय झालं ते कळतं.

तिसऱ्या वर्षी दामोदर महाराज पुन्हा काल्याला आले. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आले होते. हात धुवायला म्हणून ते भट्टीपाशी आले आणि माझ्याजवळच्या पाटावर बसले.

“आण्णा, अजून नाही आली हरणं?”

“नाही, महाराज.”

त्यांनी ओले हात उपरण्याला पुसले. “मी आज येताना माळावरून आलो. गाडी लांबच थांबवली, टेकाडाच्या अलीकडं. बराच वेळ उभा होतो.”

माझ्या हातातला पळा थांबला.

“मलाही काही दिसलं नाही,” महाराज म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी काल्याला ते उभे राहिले ते मंडळींकडं पाठ आणि भट्टीच्या कापडाकडं तोंड करून. गुरुजींनी दोनदा कुजबुजून सांगितलं, “महाराज, श्रोते इकडं आहेत.” महाराजांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली आणि पहिली चाल धरली.